मागच्याच गोळ्या

संध्याकाळचे सात वाजलेले. अकोल्यातली रामदासपेठ असो की अमरावतीतली राजापेठ, मेडिकलच्या काउंटरवर या वेळी एक देवघेव हमखास चाललेली असते. साठी ओलांडलेला माणूस खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतो. तीत चार घड्यांची चिठ्ठी, घड्या फाटू नयेत म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली, आणि वर तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. सोबत गोळ्यांचा पत्ता, कोपऱ्यात एकच गोळी उरलेला. "मांगच्याच गोया दे भाऊ, म्हयन्याच्या." काउंटरवरचा पोरगा चिठ्ठीकडे पाहतही नाही. पत्ता उलटून नाव वाचतो, फळीवरून तीन खोकी उतरवतो, एका पत्त्याला कात्री लावतो, पैसे घेतो. दोन मिनिटांत माणूस बाहेर.

या दोन मिनिटांत डॉक्टर कुठेच नाही. तरी त्याचंच औषध पुढे चालू राहिलं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, फिट्स अशा वर्षानुवर्षांच्या दुखण्यांचा बहुतेक कारभार वऱ्हाडात असाच चालतो. इंग्लंडमध्ये या व्यवहाराला 'रिपीट प्रिस्क्रिप्शन' असं स्वतंत्र नाव आहे, फॉर्म आहे, ॲप आहे. इथे 'मागच्याच गोळ्या' एवढेच दोन शब्द, आणि तेवढ्यावर भागतं.

भागतं ते किती जणांचं, याचा अंदाज देशाच्या आकड्यांवरून येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला 'इंडियाब' हा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत आणि दर तीन प्रौढांपैकी एकाहून अधिक जणांना रक्तदाब आहे. यातल्या ज्यांना आजार कळलाय आणि ज्यांनी उपचार सुरू केलेत, त्यांना दर महिन्याला कुठून तरी गोळ्या आणाव्याच लागतात.

चौदा महिन्यांच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेणाऱ्याला बेफिकीर ठरवणं सोपं आहे. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. तेल्हाऱ्याहून अकोल्याला किंवा दर्यापूरहून अमरावतीला 'दाखवायला' यायचं म्हणजे दिवस मोडतो. सकाळची एसटी धरायची, दवाखान्यात नंबर लावायचा, दुपार बाकावर काढायची. तिकिटाचा भार अलीकडे हलका झालाय हे खरं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीसाठी या दोन सवलतींनी एखाद्या आरोग्य योजनेइतकं काम केलं असेल. त्याचं श्रेय मात्र कुणी आरोग्य खात्याच्या खात्यावर मांडत नाही. तिकीट सुटलं तरी मजुरी बुडतेच, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर ती बुडवणं कुणाला परवडत नाही. तपासणी फी वेगळी. एवढं करून आत गेल्यावर डॉक्टर बीपी मोजतो आणि फाइलवर तीन अक्षरं लिहितो: सीएसटी. मुंबईचं स्टेशन नव्हे, 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', म्हणजे आहे तेच चालू ठेवा. तेच चालू ठेवायचं होतं तर मेडिकलवाल्यानेही ठेवलं असतंच, असं त्या माणसाला वाटलं तर त्यात गैर काय?

कायदा यावर काय म्हणतो, हे मात्र काउंटरच्या दोन्ही बाजूंना फारसं ठाऊक नसतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ सालचे. त्यातल्या नियम ६५ मध्ये शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांबद्दल स्पष्ट लिहिलंय की, एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. त्याहून जास्त वेळा द्यायचं असेल तर तसं डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं पाहिजे. किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने हे त्याने लिहिलं असेल, तर त्याच हिशेबाने द्यायचं. आणि दर वेळी औषध देताना दुकानदाराने आपलं नाव, पत्ता आणि तारीख त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवायची.

म्हणजे पुन्हा पुन्हा औषध देण्याची सोय आपल्या कायद्यात पाऊणशेहून अधिक वर्षं बसलेली आहे. 'दरमहा ३० गोळ्या, सहा वेळा द्याव्यात, मग तपासणी', एवढी एक ओळ डॉक्टरने खरडली की चौदा महिन्यांच्या चिठ्ठीचा प्रश्नच उरत नाही. रुग्णाला सहा महिने दवाखान्याच्या पायऱ्या चढायला नकोत, दुकानदारावर बेकायदा विक्रीचा ठपका नको, आणि सातव्या महिन्यात माणूस आपोआप डॉक्टरपुढे. अशी ओळ असलेली चिठ्ठी वऱ्हाडात शोधावी लागते. या सगळ्या गुंत्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत हीच ओळ कारभाराच्या मध्यभागी आहे. तिथे घराजवळच्या डॉक्टरच्या 'सर्जरी'त, म्हणजे दवाखान्यात, नाव नोंदलेलं असतं. नेहमीची औषधं किती वेळा देता येतील आणि पुढची तपासणी कधी, हे डॉक्टर ठरवून ठेवतो. रुग्ण ॲपवर किंवा कागदी स्लिपवर खुणा करून मागणी नोंदवतो आणि चिठ्ठी थेट त्याच्या ठरलेल्या औषध दुकानात जाते. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना डॉक्टर एकदम वर्षभराच्या चिठ्ठ्या मंजूर करून ठेवू शकतो, दुकानदार त्या हप्त्याहप्त्याने देतो. तपासणीची तारीख उलटून गेली की सर्जरीतून विचारणा होते. आपल्याकडचे, मुलाकडे परदेशी निघालेले आईवडील बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या भरून नेतात, कारण तिथे गेल्यावर ही साखळी त्यांच्यासाठी नसते. इथे मागे राहिलेल्यांसाठी साखळीच नाही, फक्त ओळखीचा मेडिकलवाला आहे.

त्याला खलनायक करण्याचं कारण नाही. गावात तोच सर्वांत जवळचा, उशिरापर्यंत उघडा, उधारी लिहून ठेवणारा. कुणाला कोणती गोळी हे त्याला तोंडपाठ. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. चिठ्ठी, बिल आणि दुकानात हजर फार्मासिस्ट यांचा त्यांनी आग्रह धरला तेव्हा दुकानदारांच्या संघटना आणि प्रशासन यांच्यात महाराष्ट्रभर जुंपली होती. तो आग्रह कायद्याला धरूनच होता. पण चिठ्ठी आणा म्हणणं सोपं. ती चिठ्ठी कुणी, किती महिन्यांसाठी आणि किती खर्चात द्यायची, हा प्रश्न त्या भांडणात बाजूलाच राहिला.

आता पत्त्यांचं गणित. बीपीची गोळी पंधराच्या पत्त्यात, शुगरची वीसच्या, कोलेस्टेरॉलची दहाच्या आणि थायरॉइडची शंभराच्या बाटलीत. चार औषधं एकाच दिवशी सुरू केली तरी ती एकाच दिवशी संपत नाहीत. मग एक संपलं की माणूस म्हणतो, बाकीची संपू दे, एकदमच आणू. या आठ-दहा दिवसांत नेमकी बीपीची गोळी चुकते. दुकानदाराने पत्ता कापून दिला तर औषधाची मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. कंपनी बदलली तर रंग बदलतो, आणि आपल्याकडे गोळी रंगावरून ओळखली जाते: गुलाबी सकाळची, पांढरी रात्रीची. लिहून दिलेल्या औषधाच्या जागी दुसरं देण्याची दुकानदाराला कायद्याने मुभा नाही, पण 'हीच आहे, फक्त कंपनी वेगळी' हे वाक्य ऐकलं नाही असा रुग्ण विरळा. जुन्या कंपनीचा पत्ता घरात शिल्लक असतो, नवीन आलेला असतो, आणि म्हातारी दोन्ही घेते. एकच औषध, दुप्पट.

गोळी चुकली किंवा दुप्पट झाली तर चक्कर येते, निदान कळतं तरी. खरी भीती आहे ती न कळणाऱ्या गोष्टीची, आणि ती वऱ्हाडाला विशेष लागू आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. बाळापूर, अकोट, तेल्हारा, दर्यापूर या भागांतल्या गावांमधून विहिरी आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यांची तक्रार वर्षानुवर्षं येत आहे. पाणी आणि किडनी यांचं नातं किती थेट हा संशोधकांचा विषय. पण ज्या भागात किडनीची शंका आहे, तिथे 'मागच्याच गोळ्या' हा व्यवहार अंगावर येऊ शकतो. टेल्मिसार्टन ही बीपीची सर्रास दिली जाणारी गोळी किडनीला फायद्याचीही असते, पण ती चालू असताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम अधूनमधून पाहावं लागतं. मेटफॉर्मिन ही शुगरची पहिली गोळी, पण किडनीचं काम फार खालावलं, म्हणजे तपासणीतला ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली गेला, तर ती बंदच करायची असते. त्यात शेतात वाकून दुखणाऱ्या गुडघ्यासाठी त्याच काउंटरवरून घेतलेली, किडनीवर ताण आणणारी डायक्लोफिनॅक. तिन्ही गोळ्या एकाच पुडीत. कुठलीच एकटी चूक नाही, आणि एकत्र बघणारं कुणी नाही.

म्हणून रिपीटचा प्रश्न गोळ्या मिळण्याचा कमी आणि मधल्या तपासणीचा जास्त आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी, वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन, थायरॉइडवाल्याला टीएसएच. गोळ्या पुन्हा येतात, तपासणी पुन्हा येत नाही.

सरकारी बाजूला काय आहे? बरंच काही, पण तुकड्यातुकड्यांनी. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे घेतले, त्यांत अमरावती होता. आता आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि औषधं मोफत केली, केसपेपरचे पैसेही माफ. अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय या निर्णयात नावानिशी होतं. मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयं त्यातून वगळलेली. अकोल्याचं मोठं सरकारी रुग्णालय, म्हणजे 'सर्वोपचार', २००२ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. त्यामुळे शंभरेक किलोमीटरवरच्या दोन शहरांत एकाच सरकारच्या दारात दोन नियम आले. रुग्णाला विभाग कळत नाहीत, खिडकी कळते.

शेजारच्या वर्ध्यात मात्र एक काम नेटकं झालं. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सुरुवातीचे चार जिल्हे होते: वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग. कल्पना साधी. औषधं दोन-तीनच, पायऱ्या ठरलेल्या, बीपी उतरलं नाही तर पुढची पायरी. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, एका वेळी पंधरवड्याऐवजी पूर्ण ३० दिवसांच्या गोळ्या, शक्यतो गावाजवळच्या उपकेंद्रातून. ठरलेल्या तारखेला आला नाही तर फोन. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कार मिळाला. त्यातली फोनची बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. कोण आलं हे प्रत्येक दवाखान्याला माहीत असतं. कोण आलं नाही, हे लिहून ठेवणारे थोडे.

हे तंत्र वऱ्हाडाला नवीन नाही. अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्ये केली आणि त्या औषधांचा पत्ता म्हणजे रिपीट कसं असावं याचा वस्तुपाठ: बरोबर २८ दिवसांचा, आठवड्यांच्या ओळींत, कॅलेंडरसारखा. पहिल्या दिवसाचा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, उरलेले घरी. पत्ता संपला की परत यायचं, म्हणजे दर महिन्याला माणूस दिसणारच. चार औषधांचे चार वेगळे पत्ते घेऊन बसलेल्या मधुमेह्याने हा पत्ता पाहिला तर त्याला हेवा वाटेल.

मेळघाटात अंतरच सगळं ठरवतं. धारणी तालुक्यातून अमरावती गाठायची तर घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना थाटला. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या फीची गोष्ट सगळीकडे छापून आली: पहिल्या तपासणीचे २ रुपये, पुन्हा दाखवायचा १ रुपया. त्या निम्म्या फीत धोरण आहे. पुन्हा येणं स्वस्त असलं पाहिजे. शहरातल्या दवाखान्यांत 'आठ दिवसांच्या आत फी नाही' अशी पाटी असते. ती तापखोकल्याला पुरते, बीपीला नाही. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांचं तर आणखी निकडीचं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घ्यावं लागतं आणि त्यावर असताना रक्तातल्या पेशी ठरावीक काळाने मोजाव्याच लागतात. तिथे 'मागच्याच गोळ्या' म्हणून चालणार नाही, कारण मागचा डोस मागच्या रिपोर्टवर ठरलेला असतो.

एका औषधापाशी मात्र काउंटरवरचा पोरगाही थबकतो: झोपेची गोळी. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये अल्प्राझोलामसारखी औषधं आहेत. ती विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. बंधन योग्यच. पण नैराश्याच्या उपचारालाही महिनोन्महिने सलग औषध लागतं, आणि अमरावती जिल्ह्यात त्याची कहाणी वेगळी आहे. 'विश्राम' या प्रकल्पाने जिल्ह्यातल्या ३० गावांत काम केलं आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पोचणाऱ्या प्रत्येकासाठी पुढचा प्रश्न उरतोच, दुसऱ्या महिन्याच्या गोळ्यांचा.

करोनाने हा सगळा व्यवहार उघडा पाडला. २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला सहा महिन्यांच्या आत त्याच दुखण्यासाठी फोनवरून पुन्हा औषध लिहून देण्याला प्रथमच स्पष्ट मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी घरपोच औषधांची अधिसूचना निघाली. परवानाधारक दुकानदाराने ईमेलवर चिठ्ठी घ्यावी आणि आपल्याच महसुली जिल्ह्यात घरी औषध पोचवावं. दीर्घ आजारांची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली असावी. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दुसरी लाट राज्यात आधी वऱ्हाडात उसळली. अमरावती शहर आणि अचलपूर, तिकडे अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर पुन्हा बंद झाले. तोवर लोकांनी आपली पद्धत बसवली होती. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, दुकानातला पोरगा गाडीवरून पुडी आणून देणार.

लाट ओसरली, फोटो राहिला. तो फोनच्या गॅलरीत कायमचा बसलाय आणि त्याला ३० दिवसांची मुदत वगैरे काही नाही. कागदाची चिठ्ठी निदान फाटायची, धुण्यात जायची, आणि मग माणूस नाइलाजाने डॉक्टरकडे यायचा. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आता अमरावतीच्या आईची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दर महिन्याला मोठ्या काळजीने पुढे पाठवतो, पैसेही फोनवरूनच भरतो. ही काळजी खरी आहे. फक्त मधल्या दोन वर्षांत आईचं वजन आठ किलोंनी उतरलं असेल तर ते फोटोत दिसत नाही.

ऑनलाइन औषध विक्रीचे नियम केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये मसुद्याच्या रूपात आणले, त्याविरोधात त्याच सप्टेंबरात देशभरच्या औषध दुकानदारांनी बंद पाळला. सरकारी सोयीही आहेत: डिजिटल आरोग्य खात्याचा आभा क्रमांक आहे, दुरून डॉक्टरशी गाठ घालून देणारी ई-संजीवनी आहे, तालुक्याच्या ठिकाणी 'आपला दवाखाना' आहे. कामावरून सुटलेल्यांसाठी सोयीच्या वेळेचा हा दवाखाना रिपीटसाठी फार उपयोगी पडू शकतो, पण मेडिकलचा ओटा जितका पायाखालचा तितका तो अजून झालेला नाही.

आणि इन्सुलिन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी, उघडलेली साधारण चार आठवडे, तीही उन्हाच्या झळांपासून दूर. वीज जाते तिथे जुनीच युक्ती: बाटली डब्यात, डबा मातीच्या माठात, माठाभोवती ओलं फडकं. तीन महिन्यांचं इन्सुलिन एकदम लिहून देणारा डॉक्टर आधी घरी फ्रीज आहे का, हे विचारतो की नाही, यावरून त्याची पारख व्हावी.

काही दवाखान्यांत कंपाउंडरच्या टेबलावर दोनशे पानी वही असते. नाव, गाव, गोळ्या कधी संपणार, शेवटची रक्ततपासणी कधी. डॉक्टरने सांगितलं म्हणून नव्हे, तर दर सोमवारी तोच प्रश्न पंचवीस जणांना विचारून कंटाळा आला म्हणून एखाद्याने ती सुरू केलेली असते. वही कंपाउंडरबरोबर येते आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जाते.

राजापेठेतला तो माणूस पुडी घेऊन निघताना चिठ्ठी परत पिशवीत ठेवतो. चौदा महिन्यांत निदान बारा वेळा तिच्यावर औषध गेलंय, म्हणजे नियम ६५ प्रमाणे डॉक्टरच्या सहीच्या वर बारा तारखा आणि बारा वेळा दुकानाचं नाव हवं. सहीच्या वर काही नाही. मागच्या बाजूला, चिकटपट्टी चुकवून, पेनाने कापसाचं मोजमाप आहे: सव्वाचार क्विंटल, साडेतीन, पुन्हा चार, आणि खाली जिनिंगवाल्याकडून यायची बाकी.